दोन बॅचच्या मधले दिवस

१४ ऑक्टोबर, मंगळवार. शहापूर

शाळेत परत रुजू झालो. दादाला जाऊन आज पस्तीस दिवस. मुख्याध्यापकांनी खांद्यावर हात ठेवला. बरं वाटलं. प्रयोगशाळेच्या कपाटाला बुरशी आलेली. चंचुपात्रं धुतली, ॲसिडच्या बाटल्यांची लेबलं बदलली. दोन दिवसांनी दिवाळीची सुट्टी लागेल. उगाच आलो असं वाटलं, पण घरी तरी काय करत होतो.

तास संपल्याची घंटा झाली तेव्हा मी पाठमोरा होतो. मुलं उठली म्हणून कळलं.

खोलीवर आल्यावर खिडकी लावली. पंखा बंद केला. मोबाईल बंद करून उशीखाली ठेवला आणि पलंगावर बसून राहिलो. रातकिड्यांचा आवाज तसाच. मी हायवेलगतच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. इथे रातकिडे नाहीत.

गावी असतात. सिद्धगडाच्या पायथ्याला घर, मागे लगेच जंगल, दिवसासुद्धा किर्र चालूच. लहानपणापासून तो आवाज कानात. तो बाहेरून येतो की नाही, हे कधी तपासायची वेळच आली नाही.

दादाला कल्याणला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा मी आणि वहिनी काचेबाहेर बसायचो. एसी, खिडक्या सगळ्या बंद. मी म्हणालो, "काय ओरडतायत रातकिडे." वहिनी माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, तिचं लक्ष आत आहे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेचं दार आतून लावलं. नादकाट्यांची पेटी काढली. दर वर्षी नववीसाठी ती मीच काढून देतो. रबरी ठोकळ्यावर आपटून एकेक काटा कानाशी धरला. जाड आवाजाचे दोन्हीकडे येतात. लहान काटा, बारीक आवाजाचा, उजवीकडे येतो. डावीकडे नाही.

सात वेळा केलं. मग काटा बदलून केलं. मग कानामागच्या हाडाला टेकवला. थरथर जाणवली. आवाज नाही.

दार कोणी वाजवत असेल तर मला कळणार नाही, हे त्याच वेळी डोक्यात आलं. उघडून बघितलं. कोणी नव्हतं.

कोणाला सांगायचं? पहिलं नाव दादाचंच आलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार. गावी

दुपारी कोंबड्यांच्या शेडमध्ये गेलो. दादाची शेवटची बॅच त्याच्या तापातच गाडीत भरली गेली. तो अंगणात घोंगडी पांघरून बसलेला आणि हाताने खुणा करत होता, पिंजऱ्यात दहाच भर, बारा नको. भाताच्या खाचरात पाय चिरलेले, त्यातून लेप्टोची लागण झाली असं डॉक्टर म्हणाले. चार दिवसांत किडनी गेली.

शेड तेव्हापासून तसंच. खाली वाळलेला तूस, वर जाळं. कोपऱ्यात प्लास्टिकखाली माझे ड्रम.

मी ड्रम शिकलो ते या शेडमध्ये आणि ते फक्त रिकाम्या दिवसांत. ब्रॉयलर आत असताना बाहेर साधा फटाका वाजला तरी कोपऱ्यात दडपून एकमेकांखाली मरतात. म्हणून एक बॅच गेली की धुणं, चुना, आणि पुढची पिल्लं येईपर्यंत पंधरा-वीस दिवस माझे. वर्षात असे पाच-सहा खंड. पहिला खंड मी खताच्या ड्रमवर आणि तेलाच्या डब्यांवर काढला. गुरू नाही. मुरबाडला मोबाईलच्या दुकानातून मेमरी कार्ड भरून आणायचो, व्हिडिओ हळू करून बघायचो, त्यात वाजवणाऱ्याचे पाय दिसायचे नाहीत. पायांचं काय चाललंय ते आवाजावरून काढलं. दोन्ही पायांनी किक, म्हणजे खालचा मोठा ड्रम, मारतात हे कळायला मला आठ महिने लागले. कळल्यावर दादाला सांगितलं. त्याने भंगारातल्या रिक्षांची दोन ब्रेकची पेडलं आणून वेल्डिंग करून दिली. म्हणाला, "मार आता दोन्ही पायांनी. एकदाचा पुढं तरी जाशील."

दिवसाला सात-आठ तास वाजवायचो. पत्र्याखाली, चारी बाजूंनी गोणपाटं लावून, गावाला त्रास नको म्हणून. कानात खोबरेल तेलात बुडवलेला कापूस. तो दादाचाच उपाय. भातगिरणीवर काम करणारे तसाच घालतात.

तात्या, आमचा चुलता, शेडच्या दारात आला.

"विज्या, वर्षभर काय वाजवायचं नाय हां. घरात मोठा गेलाय."

मी म्हणालो, "नाय वाजवणार."

हे लिहायची लाज वाटते, पण मला सुटल्यासारखं झालं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी. आमच्याकडे कढई चढली नाही. शेजारून, वाडीवरून, तात्याकडून फराळ आला. आईने सगळा देवळीत ठेवला, कोणी हात लावला नाही. संध्याकाळी वहिनीने एक करंजी मोडून अर्धी माझ्या हातात दिली. "खा. फेकायची का आता?"

अभिचा फोन. बँडमध्ये आम्ही चौघं, गिटारवाला अभि सगळं ठरवतो. कल्याणचा. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या कॉलेजात आमचा पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा दादाने ड्रम कोंबड्यांच्या पिकअपमधून नेले होते. ड्रमला पिसं चिकटलेली. स्टेजवर माझं नाव पुकारायच्या ऐवजी अभि म्हणाला, "अँड ऑन ड्रम्स, ब्रॉयलर!" तेव्हापासून तेच.

आज म्हणाला, "ब्रॉयलर, नोव्हेंबरच्या शेवटी स्टुडिओ मिळतोय. पाच गाणी, फुल अल्बम. एक जण काढायला पण तयार आहे. आणि जानेवारीत आठ शो. आठ! करायचं ना?"

एवढी वर्षं याच फोनची वाट बघत होतो. पुणे, गोवा, शिलाँगपर्यंत. मी म्हणालो, "घरी वर्षभर बंद आहे. वाजवायचं नाही."

त्याचा आवाज उतरला. मग, "सॉरी यार. मी पण ना. तू टाइम घे. तुझ्याशिवाय नाही करणार आपण."

फोन ठेवल्यावर अंगणात बसलो. खोटं काहीच बोललो नव्हतो.

२६ ऑक्टोबर, रविवार

भातकापणी. मी, वहिनी, आणि वाडीवरच्या दोन बाया. वहिनी माझ्या डाव्या हाताला, तीन-चार हातांवर.

मी वाकून कापत होतो. एकदम कोणीतरी शर्ट धरून मागे ओढलं. बुडावर आपटलो. वहिनीच. चेहरा पांढरा. माझा हात जिथे पेंढी धरायला जात होता तिथे घोणस, वेटोळं करून, फुसफुसत. बाया लांबून ओरडत होत्या. त्यांची तोंडं उघडी दिसली, मग आवाज.

वहिनी म्हणाली, "किती बोंबलले मी! तीन वेळा, सरा मागं, सरा मागं."

"लक्ष नव्हतं."

"लक्ष नाय, कान नाय."

ती बांधावर बसली, पाणी प्यायली, आणि मग हळू म्हणाली. पण उजवीकडे येऊन म्हणाली.

"हे सांगायचे मला. त्याच्या डाव्या बाजूला बसून बोलू नको. तो ऐकत नाय, नुसती मान हलवतो. चार वर्षं तरी झाली."

घोणशीच्या फुसफुसण्याचा आवाज खूप मोठा असतो म्हणतात. मला तो आलाच नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

आठवून बघतोय. बाजारात जाताना दादा माझ्या उजवीकडे. पिकअप चालवताना तो साहजिकच उजवीकडे, तिथे प्रश्न नाही. पण जेवायला? उजवीकडे. दवाखान्यात खाटेवर पडलेला असतानासुद्धा मी एका बाजूला जाऊन उभा राहिलो तर हाताने खूण केली, इकडून ये. मला वाटलं, सलाईनमुळे.

चार वर्षं माहीत होतं आणि बोलला नाही.

बोलला असता तर मी थांबलो असतो का? नसतो. हे त्यालाही माहीत असणार. म्हणून फक्त बाजू बदलली. मला त्याचा राग येतोय. मेलेल्या माणसाचा राग येतो आणि तो कुठे ठेवायचा ते कळत नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

भात झोडलं. दिवसभर उजवीकडे मान वळवून बोलतोय हे आता माझं मलाच दिसतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार. कल्याण

अर्ध्या दिवसाची रजा. कानाच्या डॉक्टरांकडे. आधी तपासणी. जाड दाराच्या लहानशा खोलीत बसवलं, कानावर हेडफोन, हातात बटण. काचेपलीकडे एक मुलगी. म्हणाली, "आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक असू दे."

दार लागलं. मी ऐकत राहिलो. बारीक, लांबून, सारखा एक आवाज. दाबलं. पुन्हा आला, पुन्हा दाबलं. दाबतच होतो. तिने दार उघडलं.

"दादा, मी अजून आवाज सोडलाच नाहीये."

तिला वाटलं मी घाबरलोय. पाणी दिलं. मी पुन्हा बसलो. मग खरे आवाज कुठले आणि माझे कुठले, हे ठरवण्यात तपासणी संपली.

डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. डावीकडची रेघ सरळ जाते आणि मग कड्यावरून पडल्यासारखी खाली. उजवीकडची पण टोकाला वाकलेली.

"काम काय करता?"

"शाळेत प्रयोगशाळा सहायक."

"मोठ्या आवाजात? मशीन, क्रशर, फटाक्यांचा कारखाना?"

"पोल्ट्री आहे घरची."

"कोंबड्यांनी असं होत नाही हो."

मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "गेलं ते येत नाही. उजवा अजून हातात आहे, पण त्याचीही सुरुवात झालीय. जे काय करता ते बंद करा."

मग मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. किती वर्षं, किती तास, असं विचारलं. कापसाचं सांगितलं तेव्हा डोळे मिटले. शेवटी म्हणाले, अगदीच सोडवत नसेल तर कानात चांगल्या प्रतीचे बूच घाला, वेळ कमी करा, सहा महिन्यांनी परत तपासा. "पण मी सोडा असंच सांगेन."

परतीच्या एसटीत उजव्या कानाच्या बाजूला खिडकी आली. डाव्या बाजूचा माणूस काहीतरी विचारत होता. मी मान हलवली. त्याने माझी पिशवी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली. काय विचारलं असेल.

६ नोव्हेंबर, गुरुवार

फक्त भीती. दुसरं काही लिहायला नाही. फळ्यावर खडू घासला जातो तो आवाज आज मुद्दाम ऐकला. येतो. नळ येतो. चिमण्या, अर्ध्या.

मला वाजवण्याशिवाय काही येत नाही. बोलायला पण धड येत नाही. स्टेजवर सगळ्यात मागे बसायचं आणि तरी सगळे आपल्यावर उभे आहेत, हे एवढंच

९ नोव्हेंबर, रविवार. गावी

अभि घरी आला, आईला भेटायला. बाराव्यानंतर पहिल्यांदाच. आईच्या पाया पडला. आई त्याला केसांवरून ओळखायची, ते त्याने कापलेत.

"केस कुठं गेले रे तुझे?"

"मॅनेजर झालो, मावशी."

आई हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

चहा झाल्यावर तो वहिनीला म्हणाला, "वहिनी, तुम्ही टेन्शन घेऊ नका. आम्ही तिघांनी ठरवलंय, वर्षभर थांबायचं. रेकॉर्डिंग नाही, शो नाही. स्टुडिओची तारीख सोडून दिली. दादांसाठी एवढं तर करूच."

"कुणी सांगितलं थांबायला?"

अभिने माझ्याकडे बघितलं. ओट्यावरून तात्या म्हणाला, "मी सांगितलं. रीत हाय ती."

"घरात वाजवायचं नाय ही रीत, तात्या. माणसानं कामधंदा सोडायचा अशी कुठं हाय? मी नाय उतरले शेतात पंधराव्या दिवशी?"

"बाईमाणसानं जास्त बोलू नये."

"बरं. मग भात तुमी कापायचं होतं."

तात्या उठून गेला. अभि चपला घालताना मला म्हणाला, "काय रे ब्रॉयलर, नक्की काय आहे? वहिनींना तर चालतंय." मी म्हणालो, फोन करतो.

तो गेल्यावर वहिनी मागच्या दारी कप विसळत होती. मी गेलो. ती उठून माझ्या उजवीकडे आली. तेच बघून मला रडू येईल असं वाटलं.

"कागद बघितला मी तुमच्या पिशवीतला. रेघा कळल्या नाय, पण खाली जाणारी रेघ कळते."

मी विसळलेले कप पालथे घालू लागलो.

"वाजवा नायतर नका वाजवू. तुमचे कान हायत. पण यांच्या मरणाच्या आड लपू नका, भावजी. ती तीन पोरं तिकडं यांचा मान म्हणून थांबलीयेत. आणि तुमी हितं त्यांना फसवताय."

"घाबरलोय मी."

"मग घाबरलो म्हणा."

कप उचलले. जाता जाता म्हणाली, "कंपनीला फोन केलाय. नवी बॅच घेतेय मी. चोवीस तारखेला पिल्लं येतील. तोवर काय ते ठरवा. मग शेड मिळणार नाय."

१२ नोव्हेंबर, बुधवार

अभिला मेसेज लिहिला. पुसला. चार वेळा. "कान" हा शब्द लिहिला की पुढचं सुचत नाही. शेवटी "बोलू या" एवढंच पाठवलं. त्याने अंगठा पाठवला.

लगेच फोन आला. माझं ऐकून घ्यायच्या आधीच तो बोलायला लागला. स्टुडिओची तारीख दुसऱ्याने घेतली, पण शेड रिकामं आहे ना? त्या पत्र्याचा आवाज त्याला आधीपासून हवाच होता. आवाज घेणारी नेहा सगळं सामान घेऊन यायला तयार आहे. तेवीसला, रविवारी, फक्त ड्रम, एका दिवसात पाच गाणी. बाकीचं ते नंतर कल्याणला करतील.

"वहिनींचं ऐकून बरं वाटलं रे. मला वाटलेलं, आता तू सोडतोयस की काय."

मी म्हणालो, "नाही, नाही."

झालं. आता दुखवट्याचं कारणही राहिलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार. गावी

काल वहिनीने आणि मी शेड धुतलं. आज चुना वाळला. ड्रम मधोमध लावले. नवीन बूच कानात घातले.

बसलो. पाय पेडलवर. मारवेना. कान फुटेल असं नाही, तर ज्या ठोक्याला उजवा जाईल तो कुठला असेल हे कळणार नाही, याची भीती. स्नेअरवर, मांडीपुढच्या ड्रमवर, एक ठोका मारला. मग एक. मग हळू चाल धरली.

किक पोटात येते. स्नेअर येतो. डाव्या हाताच्या झांजांची जोडी, हाय-हॅट, ती नाही. बूच काढून मारून बघितली. थोडी, उजव्याने. म्हणजे किती वर्षं मी ती आठवणीने वाजवतोय? अभि दर वेळी ओरडायचा, "हॅट कमी मार रे, कोंबडी कापतोयस का." मी चिडायचो. दादा कार्यक्रमात आवाजवाल्याशेजारी उभा राहून माझ्याकडे बघत पंजा खाली दाबायचा. मला वाटायचं, शांत राहा म्हणतोय.

पुन्हा बूच घालून सुरू केलं. दुसऱ्या गाण्यापर्यंत गेलो. दोन्ही पाय सुटले, भीती गेली, काही वेळ खरंच गेली. मान वर केली तर दारात आई.

थांबलो.

"आज नको रे विजू," ती म्हणाली. तोंडावरून कळलं. मी जवळ गेलो.

"मला रीतीचं काय नाय. तू वाजवलंस की तो गोठ्यातनं उठून इथं दारात येऊन उभा राहायचा. आता मी बघत बसते, येतोय का."

काठ्या ठेवल्या. तिला धरून घरी आणलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार. शहापूर

वहिनीचा फोन. आईशी ती बोलली. आई रविवारी सकाळच्या एसटीने सरळगावला मावशीकडे जाणार, सोमवारी येणार. "मला ऐकवू नका, पण थांबवत नाय," असं म्हणाली. तात्याने बोलणं सोडलंय. वहिनी म्हणाली, "ते बरंच झालं."

मग, "तुमी त्यांना सांगितलंत का?"

"रविवारी सांगतो. समोरासमोर."

"वाजवायच्या आधी का नंतर?"

बघू, म्हणालो. नंतर सांगितलं तर पाच गाणी तरी हातात राहतील. आधी सांगितलं तर तीही जातील. वहिनीने तेवढ्यावरून ओळखलं. फोन ठेवला नाही, नुसती गप्प राहिली. ती गप्प आहे की फोन बंद झालाय, ते मला कळत नव्हतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार. गावी

ड्रमचं पातळ झालेलं कातडं बदललं. पेडलच्या स्प्रिंगांना तेल घातलं. एक जुनी, दादाने बसवलेली, तशीच ठेवली, गंजलेली असली तरी चालते. जेवलो नाही.

डॉक्टर म्हणाले त्यात "अगदीच सोडवत नसेल तर" असं होतं. त्या चार शब्दांवर मी दोन आठवडे जगतोय.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी साडेआठला तिघं आणि नेहा आले. आई त्याआधीच गेली. नेहाने दहा माइक लावले, पत्र्याकडे बघून म्हणाली, "वॉव, हे म्हणजे चर्च आहे." अभि म्हणाला, "चर्च नाही, ब्रॉयलरचं माहेर." सगळे हसले. मीही.

वहिनीने पोहे आणले. ताट माझ्या उजवीकडे ठेवलं आणि माझ्याकडे न बघता गेली.

सव्वादहाला बसलो. नेहाने हेडफोन दिले. त्यात घड्याळासारखा टिक-टिक ठोका येतो, त्यावर वाजवायचं. ती म्हणाली, "ठोका डावीकडे देते, उजवीकडे गिटार. चालेल ना?"

गिटार सुरू झाली. ठोका नाही.

"येतोय?"

चौघं माझ्याकडे बघत होते. हो म्हणायचं, आणि मग उजव्या गिटारवरून अंदाज काढत वाजवायचं. जमलं असतं. दोन गाणी तर नक्की. इतकी वर्षं तेच केलंय.

मी हेडफोन काढले. काठ्या स्नेअरवर ठेवल्या. म्हणालो, "अभि, मला डाव्या कानाने ऐकू येत नाही."

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय. मी कागद आणला, रेघा दाखवल्या. उजव्याचं पण सांगितलं. डॉक्टरांचं सांगितलं. वर्षभर बंद म्हणालो ते खरं कारण नव्हतं, तेही. बोलताना एकदाही अडखळलो नाही. एवढं सलग मी त्यांच्याशी कधी बोललो नसेन.

अभिने कागद दोनदा वाचला. त्याचा चेहरा लाल झाला होता. म्हणाला, "दादांच्या नावावर?" बाकी काही नाही. मग तिघं आणि नेहा बाहेर गेले.

पावणेअकरा झालेत. मी अजून ड्रमवरच बसलोय, वही मांडीवर. ते चौघं त्यांच्या गाडीपाशी आहेत. वीस-पंचवीस पावलांवर. तोंडं हलताना दिसतात. बेस गिटारवाला हात हवेत फेकून काहीतरी सांगतोय. नेहा मोबाईलवर काही दाखवते. एकदा सगळे हसले, की हसल्यासारखं दिसलं. वहिनी बांधावर उभी राहून त्यांच्याकडे बघतेय, तिला सगळं ऐकू येत असणार, पण ती माझ्याकडे वळत नाही.

पाय पेडलवर आहेत. दाबत नाहीये.

अकराला पाच कमी. बेसवाला गाडीचं मागचं दार उघडतोय. काही काढतोय की भरतोय, इथून दिसत नाही.

अभि एकटाच इकडे यायला निघालाय.